साच्यातली सोंड

पेण शहरात, अथवा तेथून थोड्याच अंतरावर असलेल्या हमरापूर आणि जोहे या गावांत, गणपतीच्या कारखान्यात पाऊल टाकणाऱ्या नवख्या माणसाची दृष्टी साहजिकच ओळीने मांडलेल्या मूर्तींकडे जाते. भिंतीशी उताण्या ठेवलेल्या रिकाम्या साच्यांकडे ती सहसा वळत नाही. मला मात्र या प्रस्तावनेचा आरंभ त्या रिकाम्या साच्यापासूनच करावयाचा आहे. मूर्तीच्या दर्शनी बाजूचा साचा हाती घेऊन आत डोकावले, म्हणजे जे उंच असावयाचे ते खोल दिसते, पोटाच्या जागी खळगा आणि बेंबीच्या जागी उंचवटा आढळतो, आणि ज्या मूर्तीची सोंड गणपतीच्या डाव्या हाताकडे, म्हणजे पाहणाऱ्याच्या उजवीकडे वळलेली असावयाची, तिचीच सोंड साच्यात पाहणाऱ्याच्या डावीकडे वळलेली दिसते. साचा करणाऱ्या कारागिराला ही उलटापालट आधीच मनात करून ठेवावी लागते. साचा किती भागांत पाडावयाचा, कोणता भाग आधी सोडवला असता सोंडेखालची पोकळी न दुखावता मूर्ती मोकळी होईल, कान अंगाबरोबर निघतील की त्यांचा निराळा साचा करून ते मागाहून जोडावे लागतील, हे सारे प्रश्न मातीला हात लावण्यापूर्वी सुटलेले असावे लागतात, आणि ते शब्दांनी किंवा आकड्यांनी सुटत नाहीत. मनाच्या आत एक वस्तू उभी करणे, ती फिरवणे, कापणे, उलटी करणे, तिच्या पाठीमागची न दिसणारी बाजू पाहणे, आणि हे सर्व करीत असताना तिचा आकार यत्किंचितही ढळू न देणे, ही जी शक्ती त्या कारागिराच्या ठायी असते, तिलाच मानसशास्त्रज्ञ अवकाशीय विचारशक्ती म्हणतात. ती शक्ती आणि विज्ञानाचे अध्ययन यांचा संबंध काय, आणि विशेषतः ज्यांना आपण प्रज्ञावान विद्यार्थी म्हणतो त्यांच्या निवडीत व शिक्षणात तिला स्थान कोणते, हा पुढील पानांचा विषय आहे.

विषय परका वाटू नये म्हणून मी तो पेण आणि रोहे या दोन तालुक्यांच्या भूमीवर उभा करीत आहे. परंतु त्याला दुसरेही एक कारण आहे. असामान्य बुद्धीच्या मुलांची चर्चा करताना या भूमीने दिलेली दोन नावे डावलून पुढे जाता येत नाही. पेण तालुक्यातील गागोदे या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे, म्हणजेच पुढे विनोबा, यांचा जन्म झाला. आणि त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, महाडजवळच्या नाते या गावी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला, ज्यांचे घराणे आणि बालपण रोह्याचे. त्या काळच्या एकाच कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात जन्मलेली ही दोन मुले. एकाची प्रीती गणितावर, आणि ती इतकी की अध्यात्माच्या मांडणीतही त्याची भाषा गणिताच्या प्रमेयासारखी नेमकी राहिली. तरी १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण वाटेतूनच काशीकडे वळला आणि परीक्षांच्या जगाशी त्याचा संबंध कायमचा सुटला. दुसऱ्याने १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिला क्रमांक मिळवला, संस्कृतची पहिली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली, आणि मग केंब्रिजच्या जीझस कॉलेजात जाऊन निसर्गविज्ञानाची पदवी घेताना वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवले. पुढे १९१८ च्या आय. सी. एस. परीक्षेत ते पहिले आले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि भारताचे अर्थमंत्रीही झाले, हे सर्वांना ठाऊक आहे; परंतु संस्कृतात पहिला आलेला रोह्याचा मुलगा सूक्ष्मदर्शकाच्या नळीवर डोळा लावून पानांचे आणि देठांचे छेद पाहण्यात रमला, हा त्यांच्या चरित्रातला भाग मला फार मोलाचा वाटतो.

कारण वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासात विद्यार्थ्याला पदोपदी एका विलक्षण कसोटीतून जावे लागते. देठाचा अत्यंत पातळ काप काचपट्टीवर ठेवला की दिसते ते एक चपटे चित्र: कडेने पेशींची एक रांग, आत वर्तुळात मांडलेले किंवा विखुरलेले वाहिन्यांचे पुंजके, मध्ये भेंड. त्या चपट्या चित्रावरून डोक्यात उभी करावयाची असते ती एक लांब, गोल, सजीव वस्तू, जिच्या अंगातून मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याच्या नळ्या धावत आहेत. ज्याला हे साधते त्याला वनस्पती कळते. ज्याला साधत नाही तो आकृती पाठ करतो. मी स्वतः शाळेत असताना दुसऱ्या वर्गात मोडत होतो, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. फळ्यावरच्या वर्तुळांना मी वर्तुळेच समजत असे. त्यांना नावे देऊन मी पैकीच्या पैकी गुण मिळवले, आणि त्या नावांचा कोणत्याही झाडाशी काही संबंध असेल अशी शंकाही मला आली नाही. पुष्कळ वर्षांनी घरच्या स्वयंपाकघरात भेंडी आडवी चिरताना एकेका चकतीत तीच पाच कोनांची चांदणी पुन्हा पुन्हा उमटताना पाहिली, आणि ज्या चांदण्यांना मी निरनिराळ्या समजत होतो त्या एकाच लांब पोकळीची ठिकठिकाणी घेतलेली चित्रे आहेत, हे एकाएकी उमगले. त्या दिवशी मला आनंद झाला, आणि थोडे दुःखही झाले. कारण ज्या वयात हे समजावयास हवे होते, त्या वयात माझ्या हातात सुरी आणि भेंडी देण्याचे कोणाला सुचले नव्हते, आणि गुणपत्रिकेने तर ही उणीव बिनबोभाट झाकून टाकली होती.

गुणपत्रिका ज्या बुद्धीचा हिशेब ठेवते ती मुख्यतः शब्दांची आणि संख्यांची असते. हा दोष केवळ आपल्या शाळांचा नव्हे. लुईस टर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली कॅलिफोर्नियातील असामान्य बुद्धीच्या मुलांचा जो सुप्रसिद्ध अभ्यास सुरू केला, त्यासाठी मुले निवडताना भाषेवर भर असलेल्या बुद्धिगुणांकाच्या चाचणीचा आधार घेतला गेला. त्या चाळणीतून हजाराहून अधिक मुले वर राहिली. पण जी खाली पडली त्यांत विल्यम शॉकली आणि लुई आल्व्हारेझ ही दोन मुले होती. पहिल्याला १९५६ साली आणि दुसऱ्याला १९६८ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्या मुलांपैकी कोणालाही ते मिळाले नाही. एवढ्या एका दाखल्यावरून सिद्धांत काढणे योग्य होणार नाही, हे मी जाणतो. दोन माणसांच्या चरित्रावर शास्त्र उभे राहत नाही. पण १९६० साली अमेरिकेत सुमारे चार लाख माध्यमिक विद्यार्थ्यांच्या भाषिक, गणिती आणि अवकाशीय क्षमतांची नोंद एका व्यापक पाहणीत झाली, आणि अकरा वर्षांनी ते विद्यार्थी कोठे पोहोचले याचाही शोध घेण्यात आला. त्या दफ्तराचा धांडोळा घेऊन वाय, लुबिन्स्की आणि बेनबो यांनी २००९ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातील दोन आकडे प्रत्येक मुख्याध्यापकाने आपल्या खोलीत लावून ठेवावेत असे आहेत. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित यांत पीएच. डी. झालेल्यांपैकी ४५ टक्के लोक शाळेत असताना अवकाशीय क्षमतेत वरच्या ४ टक्क्यांत होते. आणि अवकाशीय क्षमतेत जे वरच्या १ टक्क्यात होते, त्यांतील सुमारे ७० टक्के विद्यार्थी भाषा किंवा गणित यांपैकी कशातही वरच्या १ टक्क्यात बसत नव्हते. म्हणजे शब्द आणि संख्या यांच्याच मापाने प्रज्ञा मोजावयाची ठरवली, तर अवकाशाच्या बाबतीत सर्वांत तल्लख असलेल्या दर दहा मुलांपैकी सात आपल्या हातून निसटतात. ती निसटली हे आपल्याला कधी कळतही नाही. कारण न निवडलेल्या मुलांची यादी कोणतीही कचेरी ठेवीत नाही.

आपल्याकडे या दिशेने काहीच झाले नाही असे म्हणणे मात्र कृतघ्नपणाचे ठरेल. पुण्यात १९६२ साली डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली तेव्हा बुद्धिमान विद्यार्थी ओळखणे आणि त्यांच्या बुद्धीला समाजाचे भान देणे हा विचार महाराष्ट्रात प्रथमच संस्थेच्या रूपाने उभा राहिला, आणि त्यामागे मानसशास्त्राची बैठक होती. राष्ट्रीय प्रज्ञाशोधाची योजनाही त्यानंतर लगेच, १९६३ मध्ये, दिल्लीत केवळ दहा शिष्यवृत्त्यांनिशी सुरू झाली. शिवाय शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत आरशातील प्रतिमा, पाण्यातील प्रतिबिंब, घडी घालून कापलेला कागद, ठोकळ्याच्या न दिसणाऱ्या बाजू, असे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत. हेतू उत्तमच होता. पण त्या प्रश्नांचे आपण काय केले? मार्गदर्शिका आल्या, वर्ग आले, आणि आरशातील घड्याळाची वेळ सांगावयाची असेल तर दाखवलेली वेळ बारा तासांतून वजा करावी असा नियम मुलांच्या तोंडी बसला. उत्तर बिनचूक येते. मात्र आरसा मुलाच्या डोळ्यांपुढे क्षणभरही उभा राहत नाही. अवकाशाचा प्रश्न आपण पुन्हा अंकगणिताच्या हवाली केला, आणि ज्या मुलाला तो प्रश्न खरोखर दिसला असता त्याचा लाभ नाहीसा केला.

मनातल्या मनात वस्तू फिरवण्याची ही क्रिया केवळ बोलण्याची पद्धत नाही, ती खरोखर घडते, हे रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी १९७१ साली दाखवले. ठोकळे जोडून केलेल्या दोन आकृती एकाच वस्तूच्या आहेत की परस्परांच्या आरशातील प्रतिमा आहेत, एवढेच सांगावयाचे होते. आणि दोन आकृतींमधील कोन जितका मोठा, तितका उत्तराला लागणारा वेळ अगदी सरळ प्रमाणात वाढत गेला, जणू प्रत्येकजण मनाच्या टेबलावर ती वस्तू ठरावीक गतीने फिरवीत होता. डाव्या सोंडेचा साचा पाहून मूर्ती ओळखणारा कारागीर हेच करतो. आणि रसायनशास्त्राच्या इतिहासातला एक अत्यंत सुंदर शोध याच जातीचा आहे. लुई पाश्चर याने १८४८ साली टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे बारीक स्फटिक भिंगाखाली पाहून, डाव्या आणि उजव्या हातासारखे एकमेकांचे प्रतिबिंब असलेले दोन प्रकार चिमट्याने वेगळे केले. १८७४ मध्ये अवघ्या बावीस वर्षांच्या व्हान्ट हॉफ याने आणि स्वतंत्रपणे ल बेल याने सांगितले की कार्बनच्या अणूचे चार हात कागदावर काढतात तसे सपाट नसून चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे रोखलेले असतात, आणि म्हणूनच डावा रेणू आणि उजवा रेणू असा भेद संभवतो. कोल्बेसारख्या थोर रसायनशास्त्रज्ञाने या तरुणाची कल्पनाविलासी म्हणून कठोर निर्भर्त्सना केली. रोह्याशेजारी धाटावच्या औद्योगिक वसाहतीत आज रसायनांचे कारखाने उभे आहेत, आणि तेथील चिमण्या पाहत शाळेला जाणारी मुले दहावीनंतर सेंद्रिय रसायन शिकतात तेव्हा त्यांना हा भेद कागदावरच्या ठळक आणि तुटक रेषांनी शिकवला जातो. त्यांतली किती मुले पेणचा साचा हातात घेऊन हा धडा शिकली असती तर अधिक शहाणी झाली असती, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

मायकेल फॅरेडे याचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते, आणि ते योग्यच आहे. पुस्तकबांधणीच्या दुकानातल्या या उमेदवाराला गणित जवळजवळ येत नव्हते, पण चुंबकाभोवतीचा अवकाश त्याला रेषांनी भरलेला दिसत असे. रायगडच्या मुलांना त्या रेषा पाहण्यासाठी लंडनला जाण्याची जरुरी नाही. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवावी लागली, लोहचुंबकत्वाचा स्पर्श नसलेल्या दगडाची इमारत तिच्यासाठी बांधली गेली, आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद तेथे तेव्हापासून चालू आहे. पेणहून अलिबागला एस. टी. ने जाऊन परत येता येते.

पण मला अधिक विस्ताराने लिहावयाचे आहे ते खारेपाटाबद्दल. पेणच्या पश्चिमेस, खाडीच्या अंगाने पसरलेली ही जमीन समुद्रापासून बांधांनी राखलेली आहे. तिची बंदिस्ती हा पिढ्यांचा उद्योग, आणि बांध फुटला तर शेतात खारे पाणी शिरून पुढची काही वर्षे भात हातचे जाते. बांधातील उघाडीचा दरवाजा ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतो आणि भरतीला बाहेरच्या रेट्याने आपोआप मिटतो. हे यंत्र जे मूल रोज पाहते त्याला पाण्याच्या दाबाचा धडा तोंडपाठ करावा लागू नये. त्याहून विशेष म्हणजे, त्या मुलाच्या घरात तिथी आणि पाणी यांचा संबंध बोलण्यातच असतो: अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, आणि भरतीची वेळ दररोज सुमारे पाऊण-एक तासाने पुढे. आता याच मुलाला वर्गात चंद्राच्या कला शिकवताना आपण काय करतो? वरून पाहिलेली एक आकृती काढतो, जीत सूर्य एका बाजूस, पृथ्वी मध्ये आणि तिच्याभोवती आठ चंद्र मांडलेले असतात. ही आकृती ज्या जागेवरून पाहिली आहे, तेथे कोणीही माणूस कधी उभा राहिलेला नाही. मुलाने तिच्यात शिरून, मधल्या पृथ्वीच्या पाठीवर उभे राहून, तेथून चंद्र कसा दिसेल हे मनात पाहावयाचे असते. आणि हे दोन दृष्टिकोनांमधले जाणे-येणे हीच या विषयातली खरी अडचण आहे, हे शिक्षकालाही बहुधा कोणी सांगितलेले नसते. पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्राच्या कला होतात हा गैरसमज सुशिक्षित प्रौढांतही इतका पसरलेला आहे, तो याच अडचणीमुळे. ज्या मुलाने अमावास्येचे आणि पौर्णिमेचे, दोन्ही उधाणे बांधावर उभे राहून पाहिली आहेत, त्याच्यापाशी एक अमोल प्रश्न आधीच आहे: चंद्र सूर्याच्या बाजूला असतानाही उधाण आणि त्याच्या समोर असतानाही उधाण, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर तीन गोलांच्या मांडणीत आहे, आणि ते हातांनी दाखवता येते.

हातांनी, हे मी मुद्दाम म्हणत आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात जयश्री रामदास आणि शमिन पाडळकर यांनी खगोलाच्या प्राथमिक शिक्षणात हातवाऱ्यांचा आणि शरीराच्या हालचालींचा जो अभ्यास केला, त्यात महाराष्ट्रातील ग्रामीण आणि आदिवासी भागांतील मुलांचा विचार होता. बोटांनी दिशा दाखवणे, हाताने कक्षा आखणे, स्वतः पृथ्वी होऊन स्वतःभोवती फिरणे, यांना तेथे करमणुकीचे साधन न मानता प्रत्यक्ष वस्तू आणि कागदावरची आकृती यांना जोडणारा दुवा मानले गेले. हा विचार मला फार पटतो. पेण आणि रोहे तालुक्यांच्या डोंगराळ वाड्यांतून येणाऱ्या कातकरी आणि ठाकर मुलांकडे पाहा: रान त्यांना पायांनी ठाऊक असते, आणि पाटीवर मराठी वाचताना अडखळणारी मुलगी ओढ्याचे वळण, त्यापलीकडचा कडा आणि कड्यामागची वाट तुम्हाला हाताने हवेत काढून दाखवते. त्या हवेतल्या नकाशाला गुण देण्याची सोय आपल्या परीक्षेत नाही.

नकाशाचा विषय निघालाच आहे, तर जमीनमोजणीचाही उल्लेख करावा. इंग्रजी अमदानीपासून आपल्या मुलखात साखळीने मोजणी झाली, तिच्या टिपणांची आणि फाळणीची कागदपत्रे भूमी-अभिलेखाच्या कचेरीत अद्याप जपून ठेवलेली आहेत, आणि बांधाचा कज्जा उद्भवला की आजही तेच दफ्तर उघडले जाते. एक साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे; एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद चौरस म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. कितीही वेडेवाकडे शेत असो, त्यातून एक सरळ रेषा टाकून, तिच्यापासून प्रत्येक कोपऱ्यापर्यंत लंब मोजून, त्या शेताचे त्रिकोण आणि समलंब चौकोन पाडले जात. शेतकऱ्याच्या मुलाला क्षेत्रफळाचे सूत्र शिकवताना गुंठ्याचा हा चौरस शाळेच्या पटांगणात चुन्याने आखून दाखवला, तर सातबाऱ्यावरची संख्या त्याच्या डोळ्यांसमोर जमीन होऊन उभी राहील.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे, आणि तो आक्षेप मी स्वतःच स्वतःला अनेकदा घेतला आहे. कारागिराचे कौशल्य आणि वैज्ञानिकाची बुद्धी यांना एकाच मापात घालणे हे कारागिराचा खोटा गौरव करणे तर होत नाही ना? साचा उत्तम करणारा माणूस रेणूंची रचनाही जाणेल, असे कोठे आहे? तसे नाहीच. अवकाशबुद्धीतही पोटभेद आहेत: छोटी वस्तू मनात फिरवणारा माणूस गावाच्या वाटेवर चुकू शकतो, आणि वाट न चुकणारा माणूस घडीच्या कागदापुढे थबकतो. कारखान्यातले हात आपण होऊन विज्ञान शिकत नाहीत. त्यासाठी संज्ञा लागतात, गणित लागते, आणि या दोहोंना जोडून देणारा शिक्षक लागतो. माझे म्हणणे एवढेच आहे की त्या शिक्षकाला ज्या पायावर बांधावयाचे आहे तो पाया या दोन तालुक्यांत ठिकठिकाणी घातलेला आहे, आणि आजवर आपण तो शाळेच्या कुंपणाबाहेर मोजला.

दुसरा आक्षेप असा की ही देणगी जन्मजात आहे. ज्याला दिसते त्याला दिसते, इतरांनी नाद सोडावा. याला मात्र आता निश्चयपूर्वक नकार देता येतो. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली या विषयावरच्या २१७ अभ्यासांचा एकत्र विचार केला तेव्हा असे आढळले की अवकाशीय कौशल्ये सरावाने वाढतात, ती वाढ काही काळ टिकते आणि न शिकवलेल्या कामांपर्यंतही पोहोचते. शेरिल सॉर्बी यांनी मिशिगनमध्ये १९९३ पासून अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या, या बाबतीत कच्च्या असलेल्या विद्यार्थ्यांना ठोकळे हाताळणे, त्यांची निरनिराळ्या बाजूंनी चित्रे काढणे, छेद कल्पिणे, असे साधे शिक्षण दिले, आणि त्याचा विशेष लाभ मुलींना झाला. ज्या अर्ध्यावर अभ्यासक्रम सोडून गेल्या असत्या त्यांतल्या अनेकजणी टिकल्या. मुलींना यंत्रातले आणि आकृतीतले कळत नाही, हे वाक्य आपल्याकडे अजूनही सहज उच्चारले जाते. ते उच्चारणाऱ्याने एकदा दिवाळीच्या पहाटे अंगणात बसलेल्या मुलीकडे पाहावे: पंधरा ते आठ ठिपक्यांची मांडणी ती मोजून घालते, कागद न पाहता रेषा जुळवते, आणि सहा बाजूंनी सारखी असलेली आकृती कोठेही न चुकता पूर्ण करते. ती सममितीचा जो अभ्यास करीत असते, त्याला स्फटिकशास्त्रात स्वतंत्र प्रकरण आहे. तिला कोणी ते सांगितलेले नसते, इतकेच.

प्रज्ञावान मुलांना या शिक्षणाची गरज नाही असाही एक समज आढळतो, आणि तो मला सर्वांत घातक वाटतो. शब्दांत हुशार असलेले मूल आकृती न पाहता उत्तर देण्याची युक्ती लवकर शिकते, तिच्या बळावर दहावी आणि बारावी पार करते, आणि मग अभियांत्रिकीच्या रेखाचित्रापुढे किंवा शरीररचनेच्या वर्गात पहिल्यांदा अडते. तोवर आपण हुशार आहोत ही त्याची समजूत इतकी दृढ झालेली असते की अडणे त्याला अपमानास्पद वाटते. उलट ज्याची दृष्टी तल्लख पण वाचा मंद, तो मुलगा सातवीतच स्वतःला ढ समजू लागलेला असतो. एकाच वर्गातल्या या दोन मुलांना एका बाकावर बसवून, मातीचा एक गोळा आणि ताणलेला दोरा त्यांच्या हाती द्यावा, आणि हा गोळा तिरपा कापला तर काय दिसेल हे आधी काढून दाखवा असे सांगावे. कोण कोणाला शिकवील, हे मी सांगावयास नको.

आता या दोन गावांनाच निसर्गाने दिलेली एक सवलत सांगतो. नकाशा उघडून पाहिला तर रोहे हे पेणच्या जवळजवळ नेमके दक्षिणेस आहे. पेणचे अक्षांश सुमारे १८.७४ अंश, रोह्याचे सुमारे १८.४४, आणि दोहोंचे रेखांश जवळपास एकच. दोन्ही गावांच्या माथ्यावरून सूर्य वर्षातून दोनदा जातो. रोह्यात तो १३ मेच्या सुमारास मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पेणला तेच दृश्य सुमारे दिवसाभराने दिसते. रोह्यात सावली नसते त्या मध्यान्ही पेणच्या एक मीटर काठीला सुमारे पाच मिलिमीटर सावली असते, कारण दोन गावांच्या मध्ये पृथ्वीची पाठ ०.३ अंशाने वळलेली आहे. इराटोस्थेनीसने दोन हजार दोनशे वर्षांपूर्वी ईजिप्तमध्ये जे केले तेच येथे करता येते. उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ३३ किलोमीटर, ०.३ अंश म्हणजे पूर्ण वर्तुळाचा १२०० वा भाग; आणि ३३ ला १२०० ने गुणले की ३९,६०० किलोमीटर येतात, जो पृथ्वीच्या परिघाच्या अगदी जवळचा आकडा आहे. प्रत्यक्ष प्रयोग इतका सोपा नाही, हे मी लपवीत नाही. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे सावलीची कडा पुसट असते आणि ती पुसट पट्टी मोजावयाच्या सावलीहूनही रुंद असते. काठीच्या टोकाला बारीक भोक पाडलेला पत्रा लावून, त्यातून जमिनीवर पडणाऱ्या सूर्याच्या प्रतिमेचा मध्य धरावा लागतो. पण ती कडा पुसट का, हे ज्या मुलाला आपले आपण कळले, त्याला ग्रहणही कळले.

अडचण एवढीच की मेच्या मध्यास शाळांना सुटी असते, आणि जुलैच्या अखेरीस, जेव्हा सूर्य पुन्हा माथ्यावरून परततो, तेव्हा आभाळ ढगांनी भरलेले असते. विषुवदिनी, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास, शाळा चालू असताना, सावल्या मोजून हाच हिशेब काढता येतो, आणि पुढे एका प्रकरणात त्याची रीत दिली आहे. परंतु मेची ती दुपार वाया जाऊ नये असे मला मनापासून वाटते. सुटीतली मुले तेव्हा पेणच्या कारखान्यांत हाताखाली काम करीत असतात, कारण गणपतीच्या हंगामाची घाई तोवर सुरू झालेली असते. आणि अंगणात, वाळत घातलेल्या मूर्तींच्या रांगेतून, एखादी काठी सरळ उभी करून तिच्या टोकाला भोक पाडलेला पत्रा बांधण्यास, आणि रोह्याच्या मावसभावाला फोन करून तुझ्याकडे आता सावली किती म्हणून विचारण्यास, दुपारच्या जेवणाच्या सुटीएवढा वेळ पुरतो.